लागू न झालेला नियम

१

काफुई आग्बेको ज्या सकाळी मेली, त्या सकाळी आम्ही तिचीच साक्ष घ्यायला निघालो होतो.

आम्ही म्हणजे संसदेची एक छोटी समिती. वर्तमानपत्रात आमचं नाव सहसा येत नाही. संसद कायदा करते, पण त्यातले बारीकसारीक नियम करायचा अधिकार एखाद्या मंडळाला देऊन टाकते. त्या अधिकाराचं मंडळानं काय केलं, हे आम्ही तपासायचं. मंडळाचा नियम संसदेपुढे ठेवला जातो. ठरलेल्या बैठका होईपर्यंत तो तिथे पडून राहतो. तेवढ्या काळात दोन-तृतीयांश सदस्यांनी तो फेटाळला, तर मेला. नाही फेटाळला, तर कुणी 'हो' न म्हणताही कायदा होतो. मी एलिकेम डोत्से, या समितीचा सचिव. माझं आजोळ व्होल्टा नदीच्या पलीकडे, याच किनाऱ्यावर. म्हणून एवे भाषेत बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं.

डोव्लोकोपे हे खाजणाकाठचं गाव. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की खाजण आटतं, तळाशी मिठाची पापडी धरते, आणि गावातल्या बाया ती टोपल्यांनी उचलतात. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही तेच केलं. आता नव्या खाजण मंडळानं नियम केला होता की परवान्याशिवाय कुणी मीठ उचलायचं नाही. आणि नववा नियम असा की कुणी उचललंच, तर मंडळानं बांधाची उघाडी, म्हणजे त्यातली दार लावलेली मोरी, उघडून समुद्राचं पाणी आत सोडावं. म्हणजे धरलेलं मीठ विरघळून जाईल. काफुई या बायांची पुढारी. तिला हे संसदेला सांगायचं होतं.

शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकं मांडलेली होती, पण त्यांवर कोणी बसलं नव्हतं. बाया उभ्या होत्या, डोक्यावर हात ठेवून. त्यांचा आक्रोश मला गाडीतूनच ऐकू आला होता. उजाडता उजाडता कोळ्यांना काफुई सापडली होती. उघाडीपासून मिठागरांकडे सिमेंटचा चर जातो, त्यावरच्या लहानशा पुलाखाली ती अडकली होती.

"मोठी भरती होती," फौजदार म्हणाला. "बांधावरून पाणी उतरलं, बाई वाहून गेली." एवढं सांगून तो गेलाही.

समितीचे अध्यक्ष ओत्चेरेसाहेब उभे राहिले. थोराड, हसतमुख माणूस. रस्त्यावरच्या भांडणात शिरले तर दोघांनाही हसवून बाहेर पडतील असा. आज त्यांचा आवाज बसला होता.

"काफुईबाईंचं फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पाणी सोडलं आणि नेमक्या त्या वाटेत आल्या. यात दोष कुणाचा नाही. देवाची मर्जी."

मी वाक्यामागून वाक्य एवेमध्ये सांगत गेलो. बायांनी पुन्हा टाहो फोडला.

शेडबाहेर कडुलिंबाखाली एक जण एकटाच बसला होता. अंगावर मंडळाच्या पहारेकऱ्याचा खाकी सदरा. "तिचा धाकटा भाऊ, सेलॉर्म," कुणीतरी सांगितलं. समितीच्या वकील अबा क्वायसन यांनी जाऊन त्याच्यापुढे हात केला. त्यानं मान खाली घातली, पण हात काही पुढे केला नाही. आमच्याकडे दुखवट्याला आलेल्याचा हात कुणी असा रिकामा ठेवत नाही.

क्वायसनबाई साठीच्या, फांती मुलखातल्या, विधवा. दातांत कायम चघळायची काडी. त्यांनी हात मागे घेतला, सेलॉर्मकडे जरा बघितलं आणि माझ्याजवळ आल्या.

"सुनावणी आता उद्यावर जाईल," त्या हळूच म्हणाल्या. "त्याआधी मला तो बांध दाखव. पाणी वरून उतरलं असेल, तर मी ही काडी गिळून टाकीन."

२

बांधावर वाऱ्यानं आणलेली धूळ बोटभर साचली होती. क्वायसनबाई वाकून चालत होत्या, काही हरवल्यासारख्या.

"हे काय आहे?" त्यांनी काडीनं दाखवलं.

"शेळीच्या लेंड्या."

"ताज्या?"

"नाही हो, वाळून खडखडीत झाल्यात."

"आणि या धुळीत पक्ष्यांचे पाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. समुद्र इथून वाहून गेला आणि लेंड्या जागच्या जागी? शेळ्यांना सांगून आला होता वाटतं."

उघाडीचं लोखंडी दार खाली पाडलेलं होतं. साखळीला पितळी कुलूप. दाराच्या आत चरात पाणी अजून कमरेएवढं होतं, गढूळ. चराच्या भिंती उंच आणि गुळगुळीत. आत सापडलेल्या माणसाला धरायला काहीच नाही.

त्यापुढे दोन्ही बाजूंना मिठागरं. पूर्वेकडची पांढरीशुभ्र, डोळ्यांवर येणारी. ती परवानेवाल्यांची; परवाने मंडळानं आधीच वाटले होते. पश्चिमेकडची बायांची. तिथे नुसतं राखाडी पाणी पसरलेलं, मिठाचा कणही दिसत नव्हता.

"सगळं गेलं," मी म्हणालो.

"लोंढा येऊन गेला असता तर कडेकडेला तरी मीठ राहिलं असतं," बाई म्हणाल्या. "हे सावकाश भरलंय, बराच वेळ. आणि एकाच बाजूला."

एवढ्यात धूळ उडवत गाडी आली. मंडळाचे इंजिनिअर लार्टे उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, थंड आवाज.

"वकीलबाई, बांध सरकारी आहे."

"मीही सरकारी आहे. या दाराची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे. एकच आहे." त्यांनी खिशातून काढून दाखवली. "आणि पुढचं तुम्ही विचारण्याआधी सांगतो. काल संध्याकाळपासून मी जिल्ह्याच्या गावी होतो, विश्रामगृहावर. तुमच्या अध्यक्षांबरोबर जेवलो, तिथेच झोपलो. सकाळी नाश्ताही त्यांच्याबरोबर केला. विचारा त्यांना."

"नववा नियम लागू झालाय का हो, इंजिनिअर?"

"तुम्हीच सांगा. वकील तुम्ही."

"नाही झाला. अजून संसदेपुढे आहे."

"मग मी पाणी कसं सोडणार?" लार्टे किंचित हसले. "जो नियमच नाही, तो मी कसा पाळणार?"

ते निघून गेले. बाई उघाडीच्या माथ्यावर चढल्या. दार वर घ्यायचं लोखंडी चाक गंजून खरखरीत झालं होतं. त्यांनी रुमालाच्या टोकानं त्याची कड पुसली आणि टोक माझ्यापुढे धरलं. गंजाच्या तपकिरी रंगात दुसराही एक रंग होता.

"रक्त," त्या म्हणाल्या. "आज कुणाचे तरी तळवे सोललेले आहेत, एलिकेम. आणि इंजिनिअरचे हात मी आत्ताच पाहिले. लोण्यासारखे आहेत."

३

आब्ला ही काफुईची मैत्रीण, शेजारीण आणि, गावातल्या सांगण्यानुसार, तिच्याशी शेवटचं भांडलेली बाई. ती अंगणात चुलीपुढे बसली होती. चूल विझलेली. आम्हाला आधी पाणी दिलं, आम्ही प्यायलो, मग तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "कुठल्या वाटेनं येणं केलंत?"

"दुःखाच्याच," मी म्हणालो. थोरल्या बहिणीला आम्ही डा किंवा डाडा म्हणतो, तशीच हाक मारली. "डा आब्ला, या वकीलबाई. काल तुमचं काफुईशी भांडण झालं म्हणतात."

"झालं. मग? चाळीस वर्षं भांडतोय आम्ही. आता कुणाशी भांडू, तेवढं सांगून जा."

बाईंनी मला थांबवलं नाही, घाईही केली नाही. आब्लानं नाक पुसलं.

"मी म्हटलं, परवाना घेऊन टाकू. पोरंबाळं आहेत, कशाला अंगावर घ्यायचं? ती म्हणाली, माझ्या आईनं समुद्राकडे परवाना मागितला होता का? मी म्हटलं, तू फार शहाणी. ती म्हणाली, आणि तू फार भित्री. झालं. जेवलो मात्र एकाच ताटात. मक्याच्या पिठाचं आक्पले तिनंच घोटलं होतं."

"पहाटे ती चरात कशाला उतरली?" बाईंनी विचारलं.

आब्लानं दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मीठ आणायला."

"रोजचं?"

"नाही हो. तुम्हाला दाखवायला! पश्चिमेकडं यंदा अशी पापडी धरली होती, काचेसारखी, तळहाताएवढी. म्हणाली, त्या शहरातल्या लोकांना कागदच दिसतात, मीठ कधी दिसत नाही. उजाडायच्या आत जाऊन एक टोपली आणते, त्यांच्या टेबलावर ओतते. बांधावरच्या वाटेनं गेली असती तर पहाऱ्याच्या चौकीवरच्यांनी अडवलं असतं. म्हणून म्हणाली, चर कोरडा आहे, त्यातून जाते. मी स्वतः संध्याकाळी तो चर ओलांडला होता. पायाला धूळ लागली."

"ती चरातून जाणार हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"मला एकटीला. रात्री झोपताना ठरलं तिचं."

बाईंनी काडी दातांतून काढली. बाहेर रडण्याचे आवाज येत होते. शेजारी काफुईच्या घरात बाया एकेक करून जात होत्या, दुखवट्याची लाल-काळी वस्त्रं नेसून.

"डा आब्ला," बाई म्हणाल्या, "तिचा भाऊ घरात का येत नाही?"

"कोणत्या तोंडानं येईल? तो चौकीवर लागला तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. बोलायची म्हणजे शिव्याच घालायची, लांबून. सगळ्याच बाया घालायच्या." आब्ला एकदम थांबली. "पण तिनंच वाढवलाय त्याला. आई गेली तेव्हा रांगत होता. काल चौकीवर पाळी कुणाची होती ते विचारा, वकीलबाई. मी नाही सांगणार. माझ्या तोंडून नको."

४

कडुलिंबाखाली सेलॉर्म तसाच बसलेला होता. बाई धापा टाकत त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. वकिलीण, साठ वर्षांची, चांगल्या कपड्यांत, धुळीत. त्यानं दचकून वर पाहिलं.

"मला तुझ्याकडून काही काढून घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. मी एवेमध्ये सांगितलं. "मला कळलंय ते मी सांगते. चुकलं तर मान हलव."

तो बघत राहिला.

"पाणी बांधावरून आलं नाही. उघाडीतून आलं. कुणीतरी कुलूप काढलं, चाक फिरवलं, बराच वेळ पाणी जाऊ दिलं, मग दार पाडून कुलूप लावलं. त्या माणसाला काफुईला मारायचं नव्हतं. मारायचंच असतं, तर ती त्या वेळी त्या चरात असेल हे त्याला कळायला हवं होतं, आणि ते आब्लाशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. पश्चिमेचं सगळं मीठ विरघळलंय. म्हणजे पाणी तिच्यासाठी नव्हतंच, मिठासाठी होतं. तो माणूस त्याला सांगितलेलं काम करत होता. चौकीवर रात्री एकच जण असतो. दुखवट्याच्या दिवशी त्यानं कुणाच्या हातात हात दिला नाही, कारण त्याचे तळवे सोललेले आहेत."

सेलॉर्मनं मान हलवली नाही. सावकाश दोन्ही हात उघडले आणि मांडीवर ठेवले. फोड फुटून कातडी लोंबत होती.

"चाक जाम झालं होतं," तो म्हणाला.

मी ते बाईंना सांगितलं.

"साहेब म्हणाले, पहाटेच्या भरतीला उघड, मिठागरं भरली की बंद कर. मी विचारलं, हे करायचं असतं का? म्हणाले, नियम आहे, कायदा झालाय. मी शाळा शिकलोय, एफो. मी विचारलं होतं." एफो म्हणजे दादा; तो माझ्याकडे बघत होता, बाईंकडे नाही. "दार वर गेलं, पाणी आत धावलं. मग मला हाक ऐकू आली. 'सेलॉर्म!' म्हणून."

"मग?"

"डाडाचा आवाज होता. मला वाटलं, आली भांडायला. पाणी सोडलेलं बघितलं आणि आली शिव्या घालायला. रोजच घालायची. पुन्हा हाक आली. मी चौकीत गेलो आणि रेडिओ लावला. मोठ्यानं." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, पण रडू आलं नाही. "ती शिव्या घालत नव्हती, एफो. मला बोलावत होती."

वारा सुटला होता. कडुलिंबाची वाळलेली पानं आमच्या अंगावर पडत होती. बाईंनी त्याचे दोन्ही हात अलगद आपल्या हातात घेतले.

"किल्ली कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"लार्टेसाहेबांनी. काल दुपारी. सकाळी परत घेतली, आणि म्हणाले, तुझ्याकडे कधीच नव्हती."

"कायदा झालाय, हे त्यांना कुणी सांगितलं, ते बोलले का?"

"म्हणाले, संसदेतल्या मोठ्या माणसाचा शब्द मिळालाय."

बाई उठल्या. उठताना त्यांना माझा आधार घ्यावा लागला.

"सकाळी ओत्चेरेसाहेब बोलले, त्याचं भाषांतर तू केलंस," त्या म्हणाल्या. "पाण्याबद्दल काय सांगितलंस लोकांना?"

मी आठवलं. "पाणी आलं आणि ती वाटेत सापडली."

"ते 'आलं' म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या.

५

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ओत्चेरेसाहेब एकटेच होते. समोर ताटलीत तळलेला मासा आणि आंबवलेल्या मक्याचं केंके तसंच पडलेलं. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या ओढल्या.

"काय क्वायसन, पोलीसगिरी झाली का?"

"झाली. एकच गोष्ट राहिली. सकाळी फौजदार म्हणत होता, पाणी आलं. गाव म्हणत होतं, पाणी आलं. एलिकेमनं भाषांतरातसुद्धा 'आलं' केलं. तुम्ही एकटे म्हणालात, 'पाणी सोडलं'."

"जीभ घसरली."

"माहीत नसेल त्यावर जीभ घसरत नाही, साहेब. त्या वेळी पाणी सोडलंय हे दोनच माणसांना ठाऊक होतं. ज्यानं सोडलं तो आणि ज्यानं सोडायला लावलं तो. तिसरे तुम्ही. आणि काल रात्री तुम्ही जेवलात कुणाबरोबर, हे इंजिनिअरनं मला स्वतःहून सांगितलं. त्याला वाटलं, तो स्वतःला सोडवतोय."

ओत्चेरेसाहेबांनी ताटली बाजूला सारली.

"मी खोटं बोललो का?" मग ते म्हणाले. "तू सांग. इतक्या वर्षांत संसदेनं एक तरी नियम फेटाळलेला पाहिलास? दोन-तृतीयांश! अर्थसंकल्पाला माणसं गोळा करताना आमची दमछाक होते. परवाच लार्टे म्हणाला, नियम सुरू करू का? मी म्हटलं, झालंच समज. रोज म्हणतो आम्ही असं. त्याला कधी काही होत नाही."

"आणि पहाटेचं?"

त्यांनी डोळे मिटले.

"काल जेवताना म्हणाला, पहाटे पाणी सोडतो. उद्या त्या बाया साक्षीला येतील तेव्हा दाखवायला मीठच नको त्यांच्याकडे. परवानेवाल्यांनाही कळेल मंडळ गंमत करत नाही." त्यांचा आवाज तुटला. "मी हसलो, क्वायसन. मला ते विनोदी वाटलं. मी त्याच्या पेल्यात बियर ओतली आणि हसलो."

आत कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज फार मोठा वाटला.

"त्या पोरावर मनुष्यवधाचा खटला होईल," बाई म्हणाल्या. "नियमात एक कलम आहे, पहारेकऱ्यानं सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल खटला चालणार नाही. पण नियमच लागू नाही, तर ते कलमही नाही. लार्टे म्हणेल, मी सांगितलंच नाही, किल्ली माझ्याच खिशात होती. इंजिनिअर एकीकडे, पहारेकरी एकीकडे. कोर्ट कुणाचं ऐकेल?"

"तुझं काय म्हणणं आहे?"

"काहीच नाही. उद्या सकाळी सुनावणी आहे, आणि साक्षीदार मेलीय. तिच्या जागी कुणाला बसवायचं हे अध्यक्ष ठरवतात."

ओत्चेरेसाहेब हसण्याचा प्रयत्न करू लागले. ते त्यांना जमलं नाही.

"माझ्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," ते म्हणाले, आणि मग, "हे मी कुणाला सांगतोय!" ते उठून आत गेले. दार लागल्याचा आवाज आला. ते काय करतील हे बाईंना कळलं नव्हतं, आणि मलाही नाही.

६

सकाळी शेड भरली होती. सेलॉर्मला दोन शिपायांच्या मध्ये आणून बसवलं होतं. लार्टे पहिल्या बाकावर, पायावर पाय टाकून.

ओत्चेरेसाहेब उशिरा आले. अध्यक्षाच्या खुर्चीपाशी थांबले, समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला म्हणाले, "आपण बसा." मग ते खाली आले आणि साक्षीदारासाठी ठेवलेल्या लाकडी स्टुलावर बसले. त्यांच्यासारख्या मोठ्या देहाला तो स्टूल फार लहान होता.

"एलिकेम," ते म्हणाले, "आज एकही शब्द बदलू नकोस."

मी बदलला नाही. जेवण, शब्द, पहाटेचं ठरलेलं पाणी, बियर, हसणं, सगळं एवेमध्ये सांगितलं. हसण्यापाशी आल्यावर आब्ला उठून उभी राहिली. मला वाटलं, आता काही फेकून मारते.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला तिचं हसू माहीत नव्हतं. तुमच्यापेक्षा मोठं होतं." आणि खाली बसली.

लार्टे उठून चालू लागले. शेडच्या तोंडाशी बायांनी वाट सोडली नाही. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी ते परत येऊन बसले.

नियम रद्द करावा, असा अहवाल समितीनं एकमतानं दिला. संसदेत त्या दिवशी काफुईसाठी सगळे उभे राहिले. मतदानाच्या वेळी मात्र बरीच बाकं रिकामी होती. फेटाळणारे जास्त होते, पण दोन-तृतीयांश नव्हते. त्यानंतर उरलेल्या बैठकाही गेल्या आणि नियम आपोआप लागू झाला, कुणी 'हो' न म्हणता. ओत्चेरेसाहेब तोपर्यंत राजीनामा देऊन गावी गेले होते. मुलीच्या लग्नाला त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. लार्टेवर खटला उभा राहिला, अजून चालू आहे. डोव्लोकोपेत मंडळाला आता पहारेकरी मिळत नाही. पगार वाढवूनही नाही.

सेलॉर्मसाठी क्वायसनबाई समितीची नोकरी सोडून कोर्टात उभ्या राहिल्या. ओत्चेरेसाहेबांची साक्ष हाताशी होती. तो सुटेल असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं. पण न्यायाधीशांनी विचारताच तो म्हणाला, "गुन्हा कबूल आहे," आणि बाईंनी मागून सदरा ओढला तरी खाली बसला नाही. शिक्षा कमी झाली. तरी झालीच.

महिन्याभरानं आम्ही त्याला भेटायला गेलो. आब्लानं त्याच्यासाठी गारी, म्हणजे कसावा कंदाचा कोरडा रवा, आणि भाजलेले मासे बांधून दिले होते. जाळीपलीकडे तो बारीक झालेला दिसला. हात बरे झाले होते.

"डा आब्ला येईल म्हणाली का?" त्यानं विचारलं.

"पुढच्या खेपेला येते म्हणाली," मी सांगितलं. ते खरं होतं.

त्यानं गारीची पिशवी जवळ ओढली.

"वकीलबाई, एक विचारू? त्या पहाटे नियम खरंच लागू झालेला असता, तर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर टाळायचं असावं. पण त्यांनी ते टाळलं नाही.

"तर तुझ्यावर खटलाच झाला नसता. सद्भावनेनं केलेलं काम म्हणून."

"म्हणजे मला कुणी विचारलंसुद्धा नसतं?"

"नाही."

"आणि डाडाबद्दल?"

"तिच्याबद्दलही कुणी विचारलं नसतं."

बाहेर शिपायानं वेळ संपल्याची हाक दिली. सेलॉर्म उठला, गारीची पिशवी छातीशी धरली.

"मग लागू झाला नव्हता तेच बरं झालं," तो म्हणाला. "तिच्यासाठी कुणीतरी आत बसायला हवं होतं."